चाकांवरच्या घराची नोंदवही : एका साध्या वेब ॲपचे नियोजन

संगणकाची आज्ञावली लिहिण्याची भाषा काही महिन्यांच्या परिश्रमाने शिकता येते. कोणती आज्ञावली लिहावी आणि कोणती लिहू नये, हे ठरविण्याचे शिक्षण मात्र क्वचितच मिळते. महाराष्ट्रातील अनेक तरुण पुणे, नाशिक वा नागपूर येथे बसून परदेशी ग्राहकांसाठी वेब ॲप तयार करीत असतात. ज्याच्यासाठी हे काम करावयाचे, तो माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. त्याचे रस्ते, तेथील हवामान आणि त्याची रोजच्या वापरातील साधने त्यांच्या परिचयाची नसतात. अशा वेळी तंत्रज्ञानाच्या ज्ञानाइतकीच नियोजनाचीही कसोटी लागते. हे नियोजन कसे करावे, हे एका नेमक्या उदाहरणावरून समजून घेणे सोयीचे होईल. त्यासाठी अमेरिकेतील ट्रॅव्हल ट्रेलरच्या मालकांना उपयोगी पडेल अशा एका साध्या वेब ॲपचे उदाहरण येथे घेतले आहे.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय?

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे लहानसे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मोटार किंवा पिकअप गाडीच्या मागील बाजूस हिच नावाची जोडणी बसविलेली असते, तिला हे घर जोडून ओढत न्यावयाचे असते. आत पलंग, शेगडी, शीतकपाट, नळ आणि बहुधा स्नानगृहही असते. पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची टाकी अशा तीन स्वतंत्र टाक्या तळाशी असतात. स्वयंपाकासाठी व उबेसाठी लागणारे प्रोपेन गॅसचे सिलिंडर पुढील बाजूस बसविलेले असतात.

अमेरिकेत या घरांची परंपरा जुनी आहे. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या एअरस्ट्रीम या संस्थेचे चंदेरी, गोलसर ट्रेलर आजही तेथील रस्त्यांवर दिसतात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव व त्याचा परिसर तर या उद्योगाचे केंद्रच मानला जातो. निवृत्त दांपत्ये, सुटीवर निघालेली कुटुंबे आणि कामानिमित्त गावोगाव फिरणारे कारागीर असे नाना प्रकारचे लोक या घरांचे मालक असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी अवजड वाहन चालविण्याचे शिक्षण घेतलेले नसते. तरीही दोन-तीन टनांचे घर मागे जोडून ते शेकडो मैलांचा प्रवास करतात. ट्रेलरची मोडतोड होते, टायर फुटतो, रस्त्यावर ट्रेलर झोकांड्या खाऊ लागतो, तेव्हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. आतल्या आणि बाहेरच्या माणसांच्या जिवाचा होतो. ॲपचे नियोजन करणाऱ्याने ही गोष्ट प्रथमपासूनच ध्यानात ठेवावयास हवी.

आधी प्रश्न, मग पडदा

नवशिक्या रचनाकाराचा पहिला विचार बहुधा पडद्याचा असतो. रंग कोणता, चित्रे कोणती, नकाशा कोठे, असा त्याचा क्रम असतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. ट्रेलरच्या मालकाच्या मनात कोणकोणत्या वेळी कोणते प्रश्न येतात, त्यांची कागदावर यादी करणे ही नियोजनाची पहिली पायरी होय.

अशी यादी केली असता तीन प्रश्न ठळकपणे पुढे येतात. घरून निघताना मालकाला वाटते, ‘सामान जास्त तर झाले नाही ना?’ गाडी सुरू करण्यापूर्वी वाटते, ‘काही लावायचे, काढायचे किंवा बंद करायचे राहिले तर नाही ना?’ आणि कार्यशाळेत किंवा अंगणात ट्रेलर उभा असताना वाटते, ‘हे काम याआधी केव्हा केले होते?’ पहिला प्रश्न वजनाचा, दुसरा तपासणीचा आणि तिसरा देखभालीचा आहे. पहिल्या आवृत्तीत या तीन प्रश्नांची उत्तरे नीट दिली, तरी ॲपने आपले काम केले असे म्हणता येईल.

काय वगळावे, याचीही यादी तितकीच महत्त्वाची आहे. मुक्कामाच्या जागांचे आरक्षण, हवामानाचा अंदाज, इंधनाचे दर आणि रस्त्यांचे मार्गदर्शन या गोष्टी आकर्षक असतात खऱ्या. परंतु त्यांची माहिती रोज बदलते आणि ती अद्ययावत ठेवण्याची यंत्रणा एकट्या रचनाकाराजवळ नसते. मार्गाचेच उदाहरण घ्यावे. बाल्टिमोर येथे बंदराखालून जाणारे महामार्गाचे बोगदे आहेत. त्यांतून प्रोपेनचे सिलिंडर नेण्यावर निर्बंध आहेत. असे नियम जागोजागी निराळे असतात. ‘हा रस्ता तुमच्या ट्रेलरसाठी सुरक्षित आहे’ असे एखादे ॲप सांगू लागले आणि त्यातील एकच नोंद जुनी निघाली, तर मालकाचा त्यावरील विश्वास त्याला संकटात नेईल. जे निश्चित ठाऊक नाही, ते ॲपने सांगू नये, हे नियोजनाचे मुख्य सूत्र मानावे.

वजनाचे गणित

प्रत्येक ट्रेलरवर निर्मात्याची एक पट्टी लावलेली असते. ट्रेलर सामानासह जास्तीत जास्त किती वजनाचा असावा, हे तिच्यावर नमूद असते. या कमाल अनुज्ञेय वजनातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केले की सामानासाठी उरलेली मर्यादा मिळते. गणित सोपे आहे. चूक होते ती काय काय मोजावयाचे हे विसरल्यामुळे.

उदाहरणादाखल, एका ट्रेलरचे रिकामे वजन ४,८०० पौंड आणि कमाल अनुज्ञेय वजन ६,००० पौंड आहे असे मानू. सामानासाठी १,२०० पौंड उरतात. ही शिल्लक भरपूर वाटते. परंतु पिण्याच्या पाण्याची टाकी ४० गॅलनची असेल आणि ती भरली असेल, तर अमेरिकन गॅलनला ८.३४ पौंड या हिशेबाने केवळ पाण्याचेच वजन सुमारे ३३४ पौंड होते. प्रत्येकी २० पौंडांच्या दोन सिलिंडरांतील गॅस ४० पौंडांचा. कपडे, भांडी, अंथरुणे, अवजारे, खुर्च्या आणि धान्य मिळून ६०० पौंड धरले, तर एकूण वजन ५,७७४ पौंडांवर जाते. शिल्लक राहतात अवघे २२६ पौंड. यात एखादी जादा बॅटरी, दोन सायकली आणि त्यांची चौकट यांची भर पडली की काटा मर्यादेच्या जवळ सरकू लागतो.

एकूण वजनाइतकेच त्याच्या वाटणीला महत्त्व आहे. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग पुढील जोडणीवर पडावा लागतो. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. वरील उदाहरणात तो सुमारे ५७७ ते ८६६ पौंडांच्या दरम्यान असावा लागेल. जड सामान मागच्या बाजूस रचल्यामुळे हा भार कमी झाला, तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि हे झोके वाढत गेले की पुढची गाडीही आवरता येत नाही. भार प्रमाणाबाहेर वाढला, तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि चालकाचे नियंत्रण सैल पडते. शिवाय जोडणीवरचा हा भार ओढणाऱ्या गाडीच्या वाहनक्षमतेतही मोजावा लागतो. त्या गाडीत बसलेली माणसे आणि तिच्यातील सामान यांच्याबरोबरच त्याचीही बेरीज होते.

आणखी एक बारकावा आहे. मुक्कामावर अंघोळीला आणि भांडी घासण्याला पाणी वापरले की पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी होते. परंतु ते पाणी सांडपाण्याच्या टाकीत जमा होते. एकूण वजन जवळजवळ तेवढेच राहते, जागा मात्र बदलते. दोन्ही टाक्या ट्रेलरच्या वेगवेगळ्या भागांत असतील, तर जोडणीवरचा भारही बदलतो. म्हणून ॲपमध्ये तिन्ही टाक्यांच्या स्वतंत्र नोंदी असाव्यात.

हे सर्व आकडे अंदाजाचे आहेत, ही जाणीव ॲपने मालकाला सतत करून दिली पाहिजे. खरे वजन वजनकाट्यावरच कळते. अमेरिकेत महामार्गांवरील ट्रक थांब्यांवर असे काटे आढळतात. त्यांवर प्रत्येक आसावरील वजन वेगळे मिळू शकते. त्यामुळे वजनाच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘अंदाजित’ किंवा ‘प्रत्यक्ष मोजलेले’ असा स्पष्ट शेरा आणि मोजल्याची तारीख असणे अत्यावश्यक आहे. अंदाजित बेरीज मर्यादेच्या आत आली, तरी ॲपने ‘सुरक्षित’ हा शब्द वापरू नये. ‘नोंदींनुसार २२६ पौंड शिल्लक; प्रत्यक्ष वजन केलेले नाही’ एवढेच सांगावे. वाक्य रुक्ष आहे. परंतु ते खरे आहे.

एककांची शिस्त

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनकडे निघाले होते. आकाशात सुमारे ४१,००० फुटांवर असताना त्याचे इंधन संपले. इंधनाचे लिटर वजनात रूपांतरित करताना किलोग्रॅमचा गुणक वापरावयाचा असता पौंडाचा गुणक वापरला गेला होता आणि त्यामुळे आवश्यकतेच्या निम्मेच इंधन भरले गेले होते. वैमानिकांनी इंजिनांविना ते विमान मॅनिटोबा प्रांतातील गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले आणि विमानातील ६९ जणांचे प्राण वाचले. आकडे बरोबर होते, गुणाकारही बरोबर होता. एकक तेवढे चुकले होते.

ट्रेलरचे मालक अमेरिका व कॅनडा यांची सीमा अनेकदा ओलांडतात. एकीकडे पौंड, गॅलन आणि मैल. दुसरीकडे किलोग्रॅम, लिटर आणि किलोमीटर. गॅलनही दोन प्रकारचे. अमेरिकन गॅलन सुमारे ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५४६ लिटरचा. यासाठी दोन नियम आरंभीच ठरवून टाकावेत. ॲपच्या आत सर्व वजने एकाच एककात साठवावीत आणि पडद्यावर दाखविताना मालकाच्या पसंतीप्रमाणे रूपांतर करावे, हा पहिला नियम. एककाशिवाय एकही आकडा पडद्यावर दिसू नये, हा दुसरा.

नोंदींची मांडणी

माहिती कोणत्या कप्प्यांत ठेवावयाची, हे ठरले की ॲपचा सांगाडा तयार होतो. येथे पाच कप्पे पुरेसे आहेत : ट्रेलर, वजने, टायर, देखभाल आणि तपासणी याद्या.

ट्रेलरच्या कप्प्यात वाहन ओळख क्रमांक हवा. अमेरिकेत १९८१ पासून हा क्रमांक १७ अक्षरांकांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत, कारण त्यांचा एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ शकतो. हा नियम ठाऊक असलेला रचनाकार चुकीची नोंद जागच्या जागी अडवू शकतो. हा क्रमांक वापरून अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर, त्या वाहनात आढळलेल्या सदोष भागासाठी निर्मात्याने ते परत बोलाविले आहे काय, हे विनामूल्य पाहता येते. ॲपने तेथील माहितीची नक्कल ठेवू नये. मालकाला तेथे पाहण्याची आठवण तेवढी करून द्यावी.

याच कप्प्यात ट्रेलरची उंची नोंदवावी. तीही छतावरील वातानुकूलन यंत्र धरून, प्रत्यक्ष मोजून. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहम शहरात ग्रेगसन रस्त्यावर रेल्वेचा एक पूल आहे. त्याखालून जाण्यासाठी पूर्वी ११ फूट ८ इंच एवढीच मोकळी उंची होती. इशाऱ्याच्या पाट्या व दिवे असूनही उंच वाहने त्याला धडकत राहिली आणि त्यांची छपरे सोलून निघाली. अखेर २०१९ मध्ये पूल उचलून ही उंची १२ फूट ४ इंच करण्यात आली. पाटी कितीही मोठी असली, तरी चालकाला स्वतःच्या वाहनाची उंचीच ठाऊक नसेल तर ती निरुपयोगी ठरते. तो आकडा एका स्पर्शात मोठ्या अक्षरांत समोर आणणे, एवढे साधे काम ॲप निश्चित करू शकते.

टायरच्या कप्प्यात प्रत्येक टायरची स्वतंत्र नोंद असावी. ट्रेलर वर्षातील बराच काळ जागेवर उभा असतो. त्यामुळे टायरचे नक्षीकाम शाबूत दिसत असतानाच रबर आतून जुने होऊन गेलेले असते. टायरच्या कडेवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवितात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ मधील तेविसावा आठवडा. मालकाने हे चार अंक भरले, की टायरचे वय ॲपला मोजता येते. टायर किती वर्षांनी बदलावा, हे मात्र निर्मात्याच्या सूचनेवरून मालकानेच भरावयाचे असावे.

देखभालीच्या कप्प्यात काम, तारीख आणि पुढील तारीख एवढेच असावे. त्यातील एक नोंद थंड प्रदेशात विशेष महत्त्वाची आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. हिवाळ्यापूर्वी नळ्यांतील पाणी काढून टाकले नाही किंवा त्यांत योग्य गोठणरोधक द्रव भरला नाही, तर नळ्या व सांधे फुटतात आणि ते वसंत ऋतूत पहिल्यांदा पाणी सोडल्यावर कळते. महाराष्ट्रात वाढलेल्या रचनाकाराला हा प्रश्न आपल्या अनुभवातून सुचणार नाही. तो वापरणाऱ्याला विचारूनच कळतो.

तपासणी यादी

निघण्यापूर्वीची तपासणी यादी हा या ॲपचा सर्वाधिक वापरला जाणारा भाग ठरेल. तिचा क्रम महत्त्वानुसार न लावता मालकाच्या पावलांनुसार लावावा. तो आधी ट्रेलरच्या आत असतो. म्हणून शीतकपाटाचे दार, खिडक्या, छतावरील झडपा आणि शेगडी प्रथम. मग तो बाहेर येतो. पायऱ्या उचलणे, विजेची तार व पाण्याची नळी काढणे, सांडपाण्याची झडप बंद करणे हे नंतर. शेवटी तो पुढे जोडणीकडे येतो. खिट्टी बसली आहे काय, सुरक्षा साखळ्या खालून एकमेकींना ओलांडून लावल्या आहेत काय, ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार जोडली आहे काय, दिवे लागतात काय, आणि चाकांखालच्या पाचरी काढल्या आहेत काय, हे तेथे पाहावे. पोहोचल्यावरची यादी निराळी. तीत ट्रेलर पाणसळीने समतल करणे आणि गाडीपासून सोडविण्यापूर्वी चाकांना पाचरी लावणे, या बाबींचा क्रम बदलता कामा नये.

यादीत ‘सर्व पूर्ण’ अशी एकच खूण करण्याची सोय देऊ नये. ती दिली, तर यादी पाहण्याऐवजी ती उरकण्याची सवय लागते. तसेच प्रत्येक प्रवासाला यादी कोरी होऊन समोर यावी. मागील प्रवासातील खुणा या प्रवासात उपयोगाच्या नाहीत.

जेथे संपर्क पोहोचत नाही

ट्रेलर घेऊन लोक जेथे जातात, तेथे मोबाइलचा संपर्क अनेकदा नसतो. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या मोठ्या भागात आजही हीच स्थिती आहे. त्यामुळे इंटरनेटशिवाय चालणे ही या ॲपची मूलभूत अट ठरते. नंतर जोडावयाची सोय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

आधुनिक ब्राउझरमध्ये याची व्यवस्था आहे. सर्व्हिस वर्कर नावाची एक छोटी आज्ञावली ॲपची पाने यंत्रातच साठवून ठेवते आणि संपर्क नसताना तेथूनच ती पुरविते. त्यासाठी संकेतस्थळ एचटीटीपीएस या सुरक्षित पद्धतीने चालणारे असावे लागते. मालकाच्या नोंदी इंडेक्स्ड-डीबी नावाच्या, ब्राउझरमधील कोठारात ठेवता येतात. मात्र हे कोठार कायमचे नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० पासून असा नियम केला की, ब्राउझरच्या वापराच्या सात दिवसांत ज्या संकेतस्थळाला वापरणाऱ्याने हात लावला नाही, त्याने साठविलेली अशी माहिती पुसली जावी. वर्षातून चार वेळा प्रवास करणाऱ्या मालकाच्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे. ॲप फोनच्या मुख्य पडद्यावर बसवून घेतल्यास हा धोका टळतो. तरीही सर्व नोंदींची एक प्रत फाइल म्हणून बाहेर काढण्याची आणि ती पुन्हा आत घेण्याची सोय पहिल्या आवृत्तीतच असली पाहिजे. देखभालीच्या नोंदी पाच वर्षांच्या असतील, तर त्या हरविल्यावर पुन्हा मिळत नाहीत.

वापरणारी माणसे व त्यांची गुप्तता

ॲप वापरणारा माणूस उन्हात उभा असतो, हातात मोजे असतात, चष्मा गाडीत राहिलेला असतो. अक्षरे मोठी, बटणे रुंद आणि रंगसंगती स्पष्ट असावी. लाल व हिरव्या रंगांवरच इशारा अवलंबून ठेवू नये. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना हे दोन रंग वेगळे ओळखणे कठीण जाते. ‘मर्यादेपेक्षा जास्त’ हे शब्दही सोबत लिहावेत.

प्रवासाच्या तारखा म्हणजे घर रिकामे असण्याच्या तारखा होत, हेही विसरून चालणार नाही. माहिती मालकाच्या यंत्रातच राहिली, तर ती रचनाकाराच्या हातून फुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून पहिल्या आवृत्तीत खाते उघडणे, परवलीचा शब्द आणि मध्यवर्ती साठा यांपैकी काहीही नसावे. खर्चही वाचतो आणि जबाबदारीही मर्यादित राहते.

कागदापासून चाचणीपर्यंत

एवढे ठरल्यावर तीन पडदे कागदावर रेखाटावेत आणि चार-पाच मालकांना दूरदृश्य संभाषणातून दाखवावेत. ‘हे आवडले काय?’ असे विचारू नये. ‘मागच्या वेळी निघताना आपण काय काय केले?’ असे विचारावे. उत्तरातून यादीतील उणिवा आपोआप कळतात. त्यानंतरच एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांकडे वळावे. एवढ्या कामासाठी या तीनही पुरेशा आहेत.

चाचणीसाठी ज्यांची उत्तरे आधीच हाताने काढलेली आहेत, अशी उदाहरणे तयार ठेवावीत. वरील ५,७७४ पौंडांचे उदाहरण त्यांपैकी एक होऊ शकेल. विशेष काळजी रिकाम्या रकान्याची घ्यावी. मालकाने पाण्याचा आकडा भरला नाही, याचा अर्थ टाकी रिकामी आहे असा होत नाही. न भरलेली नोंद आज्ञावलीने शून्य मानली, तर तीनशेहून अधिक पौंडांचा भार हिशेबातून नाहीसा होईल आणि पडद्यावर दिलासा देणारे उत्तर उमटेल. अशा वेळी ॲपने बेरीज न दाखविता, कोणती नोंद राहिली आहे ते सांगावे.

आपल्याकडील संदर्भ

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करण्यासाठी लागणारी कॅराव्हॅन पार्क या दोहोंचा विचार त्यात केलेला आहे. चाकांवरच्या घरांचा प्रवास आपल्या रस्त्यांवरही वाढू लागला, तर त्यांच्या नोंदी ठेवण्याची साधने येथेही लागतील. मात्र अमेरिकेसाठी तयार केलेले ॲप मराठीत भाषांतरित करून ती गरज भागणार नाही. येथे गोठणाऱ्या नळ्यांचा प्रश्न बहुतेक जागी नाही. पण घाटातील उतार, पावसाळ्यातील ओल आणि मुक्कामी मिळणाऱ्या विजेचा व पाण्याचा भरवसा हे प्रश्न आहेत. त्यांची यादी येथील चालकांना आणि मालकांना विचारूनच करावी लागेल.

ट्रेलरच्या उदाहरणातून शिकावयाचे ते हेच. वापरणाऱ्याचा धोका कोठे आहे ते आधी शोधावे, त्याला उपयोगी अशा मोजक्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अंदाज आणि मोजमाप यांतील भेद लपवू नये आणि जे ठाऊक नाही तेथे थांबावे. रस्त्यावर निघालेले एखादे कुटुंब त्या पडद्यावरील आकड्यावर विसंबून असते. तो आकडा लिहिणारा हजारो मैल दूर असला, तरी त्याची जबाबदारी तेवढ्याने कमी होत नाही.